कमरेच्या किल्ल्या

व्यापारी घरातील गृहिणीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. आता तिजोरीला आकड्यांचे कुलूप आले, हिशोब संगणकावर गेले; तरी काही घरांनी हा जुडगा अजून जपला आहे. गोंदियातील धान-तांदळाच्या व्यापारातील एका दिगंबर जैन कुटुंबात तो एकसष्ट वर्षांच्या गृहिणीच्या कमरेला गेली पस्तीस वर्षे आहे. घरात आणि आळीत त्यांना सगळे काकू म्हणतात. या लेखातही तेच नाव पुरेसे आहे. धान्याच्या कोठीची, माळ्याची, कपाटाची, मागल्या दाराची अशा नऊ किल्ल्या त्यात आहेत. काकू माजघरातून स्वयंपाकघरात येत आहेत, हे सुनेला आधी त्या आवाजावरून कळते.

काही वर्षांपूर्वी फाल्गुनात काकूंनी हा जुडगा प्रथमच सुनेच्या हाती दिला. लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी त्यांना इंग्लंडला जायचे होते. व्हिसा सहा महिन्यांचा होता. निघताना काकांनी दोन वस्तू दिल्या: पाचशे पाउंडांचे एक पाकीट आणि लाल कापडी बांधणीची एक लहान वही. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने महावीरांचे नाव लिहिले होते. पैपैचा हिशोब लिहिणे ही त्या घराची रीत होती, त्यात अविश्वासाचा भाग नव्हता. मुनीम असो, मुलगा असो की स्वतः काका असोत, ज्याच्या हाती रोकड त्याच्या हाती वही.

काकूंचे माहेर वैनगंगेच्या खोऱ्यातील एका खेड्यात होते. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. त्यांच्या लहानपणी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. धानाच्या बांध्या, तलाव आणि त्यांच्या काठाने फिरणारी सारसांची जोडपी हे तिथले नित्याचे दृश्य. माणसाच्या उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदियाच्या परिसरातच दिसतो. जोडीतील नर-मादी समोरासमोर पंख पसरून उड्या घेतात, माना लववतात, पुन्हा उभी राहतात. ते सारसांचे नृत्य लोक काम थांबवून पाहत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरे आणि रात्री दंडार होई. दंडारीत नाचणारे पुरुष असत, स्त्रीची सोंगेही तेच घेत. दहा वर्षांच्या काकूंनी एकदा दंडारीतील एक गिरकी घरच्या अंगणात घेऊन दाखवली. आजीने हातातले सूप खाली ठेवले आणि एवढेच म्हटले, “आपल्यात बायका नाचत नाहीत.”

आजी रागावली नव्हती, म्हणूनच ते वाक्य जन्मभर पुरले. पंचकल्याणक महोत्सवात इतर मुली कुमारिकादेवी होऊन नाचल्या, तेव्हा काकू पाहण्यापुरत्या उभ्या राहिल्या. मुलाच्या लग्नात संगीताचा कार्यक्रम झाला, तेव्हा आहेराच्या पाकिटांची पिशवी मांडीवर घेऊन त्या कोपऱ्यात बसल्या. कुणी ओढायला आले की पिशवी दाखवत.

लेक राहते ते गाव म्हणजे मार्केट हार्बरो. लेस्टर शहरापासून आगगाडीने पंधरा मिनिटांवरचे हे लहानसे बाजाराचे गाव आहे. गावाच्या मध्यभागी 1614 साली बांधलेली जुनी शाळा आहे. ती लाकडी खांबांवर उभी आहे आणि खालची मोकळी जागा लोण्याच्या बाजारासाठी ठेवलेली होती. वर विद्या, खाली व्यापार ही रचना काकूंना फार आवडली. चैत्रात नातू झाला. सव्वा महिना डोके वर काढायला उसंत मिळाली नाही. तो उलटल्यावर लेकच म्हणाली, “आई, आठवड्यातून एक तास तरी तू घराबाहेर पड. भिंतींकडे बघून आजारी पडशील.”

शेजारी सत्तरी ओलांडलेली एक इंग्रज बाई एकटी राहत असे. दर मंगळवारी सायंकाळी ती एक कापडी पिशवी घेऊन बाहेर पडे आणि त्या पिशवीतून किणकिण आवाज येई. काकूंना तो आवाज ओळखीचा वाटला. किल्ल्यांचाच, पण बारीक. एके दिवशी कुंपणापाशी त्यांनी खुणेने विचारले. शेजारणीने पिशवी उघडून एक रुमाल काढला. जांभळ्या कापडाला नाण्यांसारख्या पितळी चकत्यांच्या तीन ओळी शिवलेल्या होत्या. तिने तो कमरेला गुंडाळला आणि तिथेच, हिरवळीवर, चपला काढून कंबर हलवून दाखवली. ती बेली डान्सच्या वर्गाला जात होती.

हे नाव ऐकताच वाचकांच्या मनात जे उभे राहील, तेच काकूंच्याही मनात उभे राहिले: हिंदी चित्रपटातील क्लबचा देखावा, तोकडे कपडे, धूर आणि मद्याचे पेले. लेकीने समजावले की वर्गात फक्त बायका असतात, त्याही बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. अंगात सैल कपडे आणि वरून तो रुमाल. “एकदा बघून तर ये,” ती म्हणाली. काकू पंजाबी ड्रेस घालून, ओढणी पिनेने घट्ट बसवून, बघायला म्हणून गेल्या. सूर्य रात्री साडेआठ-नऊपर्यंत मावळत नसल्याने सायंकाळचे भोजन आधी उरकून जाणे सोपे होते. गोंदियात भर उन्हाळ्यातही पावणेसातला अंधारू लागते. येथे सूर्यास्तापूर्वी जेवूनही अर्धा दिवस शिल्लक राहतो, याचे त्यांना रोज नवल वाटे.

वर्ग गावातल्या एका साध्या सभागृहात भरे. लाकडी जमीन, भिंतीशी रचलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली. अकरा बायका होत्या. शिक्षिकेने पहिल्या दिवशी पाऊण तास फक्त उभे राहायला शिकवले. पाऊल जमिनीला टेकलेले, गुडघे किंचित सैल, खांदे खाली, श्वास पोटापर्यंत. “पोट सोडा,” ती म्हणाली. काकूंना ते जमेना. शिक्षिकेने परवानगी विचारून त्यांच्या बरगडीखाली हात ठेवला आणि हसून मान हलवली. त्या क्षणी काकूंच्या ध्यानात आले की गेली चाळीस वर्षे आपण पोट आत ओढूनच चालत आलो आहोत. सासऱ्यांसमोर, दुकानातल्या माणसांसमोर, मंदिरजीत, फोटोत. कुणी तसे सांगितले नव्हते. पदराबरोबर तेही अंगवळणी पडले होते.

पुढच्या मंगळवारी त्या बघायला गेल्या नाहीत, शिकायला गेल्या. एका वर्गाचे शुल्क आठ पाउंड होते. म्हणजे सुमारे आठशे रुपये, त्यात चांगल्या तांदळाचे किती किलो येतात ते त्यांनी दारातच मनाशी मांडले आणि तरीही आत गेल्या.

या नृत्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. अरबीत त्याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचे नृत्य. त्याचे घरगुती, गावाकडचे रूप ते रक्स बलदी. इजिप्तमध्ये लग्नकार्यात बायका घरात ते नाचत आल्या आहेत. आपल्याकडील नृत्यांत पदन्यास आणि हस्तमुद्रा यांना महत्त्व असते. येथे शरीराचा एकच भाग हलवायचा आणि बाकीचे शरीर स्थिर राखायचे, ही खरी परीक्षा असते. कमरेने आडवा आठाचा आकडा काढायचा, पण खांदे हलता कामा नयेत. गुडघे आळीपाळीने भराभर सैल आणि ताठ केले की कमरेला थरथर येते. ती कमरेतून आणू गेल्यास कधीच येत नाही. मकसूम नावाचा चार मात्रांचा ताल असतो. घुमणारा बोल ‘दुम’, कडेचा बोल ‘टक’, आणि त्यांची गुंफण ऐकणाऱ्याला ठेक्यात धरून ठेवते.

काकूंना चार मंगळवार काहीच आले नाही. आठाचा आकडा काढताना खांदे बरोबर फिरत, हात ओढणीकडे जात. शेजारीण त्यांच्याकडे पाहून डोळे मिचकावी, बाकीच्या बायका आपापल्या चुका करण्यात मग्न असत. तिथे कुणी कुणाला पाहत नव्हते, हे काकूंच्या हळूहळू लक्षात आले. पाचव्या मंगळवारी शिक्षिका म्हणाली, हात विसरण्यासाठी हातात काही धरल्याची कल्पना करा. काकूंनी सूप धरले. धान पाखडताना सूप जसे उजवीकडून डावीकडे झुलते आणि त्याबरोबर कंबर आपसूक फिरते, तशी ती फिरली. खांदे जागच्या जागी राहिले. शिक्षिकेने संगीत न थांबवता दुरूनच टाळी वाजवली.

घरी परतताना, साडेआठच्या उजेडात, काकूंना आजीने खाली ठेवलेले ते सूप आठवले.

चहाच्या वेळी बायका केक आणत. त्यात अंडे असल्याने काकू तो घेत नसत. त्या आपला पोह्यांचा चिवडा नेत आणि त्यात कांदा-लसूण का नाही, हे मोडक्या इंग्रजीत सांगत. एकदा शेजारीण त्यांना गावातले संग्रहालय दाखवायला घेऊन गेली. ज्या मोठ्या लाल विटांच्या इमारतीत ते आहे, ती सिमिंग्टन कंपनीच्या कॉर्सेटचा कारखाना होती. कॉर्सेट म्हणजे कंबर आणि पोट आवळून धरणारी, आतून पट्ट्या घातलेली चोळी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे गाव त्या धंद्यावर वाढले. 1908 साली याच कंपनीने पट्ट्या नसलेली, मऊ कापडाची ‘लिबर्टी बॉडिस’ काढली. शेजारणीची आई त्या कारखान्यात शिवणकाम करीत असे. काचेमागची ती कडक चोळी पाहून काकूंनी नकळत आपल्या पोटावर हात ठेवला. शेजारणीनेही ठेवला. मग दोघी हसल्या. साता समुद्रांपलीकडील बायकाही पोट आवळूनच जगल्या होत्या, फक्त इथे ते काम कारखान्याने केले होते.

या नृत्याला पाश्चात्त्य जगात बदनाम करणारे वर्ष 1893. त्या वर्षी शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्यात कैरोमधील रस्त्याचा एक देखावा उभारला होता आणि तिथले नृत्य पाहायला लोकांची झुंबड उडाली. फ्रेंचांनी त्याला आधीच ‘पोटाचे नृत्य’ असे नाव दिले होते. अमेरिकेत तेच नाव रूढ झाले आणि चेष्टेचा विषय बनले. या मासिकाच्या वाचकांना 1893 चे शिकागो निराळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सप्टेंबर महिन्यात सर्वधर्म परिषद भरली आणि महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी यांनी तेथे जैन धर्माची बाजू मांडली. तेव्हा ते तिशीचेही नव्हते. त्यांचा गौरव आज आपण करतो. पण परत आल्यावर समुद्र ओलांडला म्हणून समाजातील काहींच्या विरोधाला त्यांना तोंड द्यावे लागले होते. समाजाला ज्याची लाज वाटते आणि ज्याचा अभिमान वाटतो, त्या याद्या कायमच्या नसतात. काकू विमानाने समुद्र ओलांडून आल्या, तेव्हा मंदिरजीत त्यांना हार घालून निरोप दिला होता.

तथापि वर्गाची गोष्ट गोंदियास कळवायची नाही, असे मायलेकींचे ठरले. पुढाकार लेकीचा होता. “बाबांना कशाला सांगायचं? नाव ऐकूनच त्यांचा रक्तदाब वाढेल.” काकूंना ते पटले, कारण ते सोयीचे होते. अडचण एकच होती, ती वहीची. पहिल्या मंगळवारच्या आठ पाउंडांपुढे काय लिहायचे? काकूंनी क्षणभर थांबून लिहिले, ‘भाजी व किरकोळ’. पुढच्या मंगळवारी तेच. दहा मंगळवार तेच. एकूण ऐंशी पाउंड.

दर रविवारी जावई त्यांना लेस्टरच्या जैन मंदिरात नेत. एका जुन्या प्रार्थनागृहाचे मंदिरात रूपांतर करून 1988 साली तेथे प्रतिष्ठा झाली. एकाच छपराखाली श्वेतांबर मंदिर आहे, दिगंबर मंदिर आहे, स्थानकवासींचा उपाश्रय आहे. भारतात जे एकत्र येणे अवघड जाते ते परदेशात सहज झाले, याचे काकूंना समाधान वाटे. दर्शन झाल्यावर ओळखीच्या झालेल्या बायका विचारत, “वेळ कसा जातो तुमचा?” काकू म्हणत, “नातवात.” हे खोटे नव्हते. पण प्रत्येक वेळी ते उत्तर देताना त्यांचे पोट पुन्हा आत ओढले जाई.

श्रावणात त्या परतल्या. निघताना शेजारणीने तो जांभळा रुमाल त्यांच्या हाती दिला. काकूंनी तो साड्यांच्या घडीत खोल ठेवला. गोंदियात आल्यावर दुसऱ्या दिवशी सुनेने जुडगा परत दिला. काकांनी चष्मा लावून वही पाहिली. बेरजा तपासल्या, उरलेले पाउंड मोजले, शेवटच्या पानावर सही केली आणि म्हणाले, “बरोबर आहे.” वही कपाटात गेली.

हिशोब लिहिणाऱ्यांना ठाऊक असते की काही चुका तेरजेत उघड होतात आणि काही होत नाहीत. रक्कम कमी-जास्त पडली तर दोन्ही बाजू जुळत नाहीत आणि चूक सापडते. परंतु रक्कम बरोबर आणि खाते भलतेच, अशी नोंद झाली तर तेरीज तंतोतंत जुळते. तपासणारा सही करतो. ती चूक फक्त लिहिणाऱ्याला माहीत असते.

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झाले. प्रथेप्रमाणे मंदिरजीत आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचला जाई व त्यावर प्रवचन होई. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. पंडितजी सत्य अणुव्रताचे पाच अतिचार समजावू लागले आणि तिसऱ्याशी आले: कूटलेखक्रिया. समोर व्यापारी श्रोते होते, म्हणून पंडितजींनी उदाहरणेही बाजारातलीच घेतली. खोटी पावती, दुहेरी वही, एका नावाचा व्यवहार दुसऱ्या नावाने लिहिणे. पुरुषांच्या बाजूला थोडी चुळबुळ झाली. स्त्रियांच्या बाजूला सगळ्या निश्चिंत होत्या, कारण वह्या लिहिणे हे त्यांचे काम नव्हते. फक्त काकूंच्या हातातील जपमाळ थांबली.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते आणि इतके दिवस त्यांनी ते एकत्र बांधून ठेवले होते. नाचणे हा दोष होता काय? आणि वहीत जे लिहिले तो दोष होता काय?

पहिल्या प्रश्नाला त्यांनी ऐकले-पाहिलेले सारे समोर ठेवले. आदिपुराणात नीलांजना अप्सरा ऋषभदेवांच्या सभेत नाचता नाचता आयुष्य संपून अदृश्य होते. इंद्र तत्काळ दुसरी उभी करतो, सभेला काही कळत नाही, पण भगवंतांना कळते आणि वैराग्य येते. मथुरेच्या कंकाली टेकडीत सापडलेल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या एका शिल्पपट्टावर हा प्रसंग कोरलेला आहे. त्या कथेत नीलांजनेला कुणी बोल लावला नाही. भगवंतांनी नृत्याची निंदा केली नाही, त्यातून त्यांना आयुष्याची क्षणभंगुरता दिसली. आणि काकूंना आठवले श्रवणबेळगोळ. 2006 च्या महामस्तकाभिषेकाला त्या गेल्या होत्या, तेव्हा चंद्रगिरीवरील शांतिनाथांच्या एका बसदीत त्यांनी दर्शन घेतले होते. होयसळ राजा विष्णुवर्धनाची राणी शांतलादेवी हिने 1123 साली ती बांधली. ती जिनभक्त श्राविका होती आणि नृत्यातील तिच्या नैपुण्याची प्रशंसा शिलालेखांत केलेली आहे. 1131 साली तिने सल्लेखना घेऊन देह ठेवला. जिने नृत्यात देह घडवला, तिनेच तो शांतपणे सोडला. आजीचे “आपल्यात बायका नाचत नाहीत” हे वाक्य आजीच्या आळीपुरते खरे असेल. आपल्या धर्माच्या इतिहासात ते खरे नव्हते.

याचा अर्थ मंगळवारचा वर्ग म्हणजे धर्मसाधना होती, असे काकूंनी स्वतःला समजावले नाही. ती भक्तीही नव्हती. धानाचा व्यापार जसा संसारातला, तसे तेही संसारातलेच. त्यात रस वाटला होता, आनंद झाला होता आणि देहाचा थोडा अभिमानही वाटला होता. जे वाटले ते त्याच नावाने मान्य करायला हवे होते.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र काहीच समोर ठेवावे लागले नाही. ‘भाजी व किरकोळ’ हे खोटे होते. दहा वेळा लिहिले होते.

सकाळी अभिषेकाहून आल्यावर त्यांनी कपाट उघडले आणि वही काढली. खाडाखोड करायची नाही, पान फाडायचे नाही, हा घरातला पहिला नियम. चूक राहू द्यायची आणि तिच्याखाली दुरुस्तीची नोंद करायची. काकांच्या सहीखाली त्यांनी त्या दिवसाची तिथी घातली आणि लिहिले: ‘नृत्यशिक्षण खाते नावे, पाउंड 80. किरकोळ खर्च खाते जमा, पाउंड 80.’ खाली स्पष्टीकरण लिहिले: ‘मार्केट हार्बरो येथे दहा मंगळवार बेली डान्स शिकण्याचे शुल्क. भीतीमुळे चुकीच्या खात्यावर टाकले होते, ते दुरुस्त केले.’ मग वही नेऊन त्यांनी काकांच्या पुढ्यात ठेवली.

काकांनी दोनदा वाचले. बेली डान्स म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा चेहरा उतरला. “या वयात?” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “मी सही केली होती यावर.” काकू काही बोलल्या नाहीत. काका उठून दुकानात गेले. पुढचे काही दिवस त्यांनी जेवताना मान वर केली नाही. पर्वाचे दिवस, घरात एकाशनाचे व्रत आणि त्यात हा अबोला. सुनेला कारण कळेना. काकूंना मात्र भीती वाटत होती तेवढे जड गेले नाही. निदान आता अबोल्याचे कारण वहीत लिहिलेले होते.

क्षमावाणीच्या दिवशी घरोघर जाऊन, हात जोडून क्षमा मागायची असते. आळीत, बाजारात, ज्याच्याशी बोलणे नाही त्याच्याही दारात. त्या दिवशी काका सकाळी लवकर तयार झाले. बाहेर पडण्याआधी ते माजघरात आले. लाल वही त्यांच्या हातात होती.

“अहो, मला क्षमा करा,” काकू म्हणाल्या. “लिहिण्यात चुकले.”

“लिहिण्यातच चुकलीस,” काका म्हणाले. मग जरा थांबून, नजर वहीवरच ठेवून बोलले, “पण विचारलं असतंस, तर मी नाही म्हणालो असतो. तू घाबरलीस ती उगीच नाही घाबरलीस. तेवढा दोष माझ्या नावे लिही.” त्यांनीही हात जोडले. दुरुस्तीच्या नोंदीखाली त्यांची दुसरी सही होती.

नाच दाखव, असे ते म्हणाले नाहीत आणि काकूंची तशी अपेक्षाही नव्हती. काकांना ते आवडलेले नाही, आजही आवडत नाही. पण घरात ते आता झाकलेले नाही. गोष्ट सुनेपर्यंत पोहोचली, सुनेकडून शेजारच्या दोन घरांत गेली. एका वयस्क नातलगाने नाके मुरडली. एका मैत्रिणीने फोन करून हळूच विचारले, “गुडघ्यांना त्रास नाही होत?”

हल्ली दुपारी दुकानाची माणसे जेवून गेली आणि सोप्यातली वर्दळ थांबली की मागच्या खोलीत कधी कधी मोबाइलवर तो दुम-टकचा ताल लागतो. सून, तिची एक मैत्रीण आणि काकू. रुमाल एकच, तो पाळीने बांधतात. ज्या दिवशी तो सुनेच्या कमरेला असतो, त्या दिवशी काकू नऊ किल्ल्यांच्या जुडग्यावरच भागवतात. सुनेला अजून पोट सोडता येत नाही. काकू तिच्या बरगडीखाली हात ठेवतात आणि सांगतात, “घाई नाही. मला चार मंगळवार लागले होते.”